बेस्टची तूट आणि महानगराचा हिशेब



१५ जुलै १९२६ रोजी मुंबईत अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर पहिली बस धावली. २०२६ हे त्या घटनेचे शताब्दी वर्ष होय. शंभर वर्षे अखंड चाललेली सार्वजनिक सेवा ही कोणत्याही नगराच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट. परंतु मुंबईच्या बाबतीत या शताब्दीला चिंतेची किनार आहे. एके काळी साडेचार हजारांच्या घरात असलेला बेस्टचा ताफा २०२५ मध्ये तीन हजारांच्याही खाली आला होता, आणि त्यातील उपक्रमाच्या स्वतःच्या मालकीच्या गाड्या अवघ्या काहीशे उरल्या होत्या. बाकीच्या भाडेतत्त्वावरील. दररोज लाखो मुंबईकरांना ने-आण करणारी ही सेवा इतकी क्षीण का व्हावी? उत्तर एका शब्दात दिले जाते : तोटा. या एका शब्दाची फोड करणे हाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

बेस्टची जन्मकथा या संदर्भात मुद्दाम ध्यानात घेतली पाहिजे. मुंबईत १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली. पुढे विजेवर ट्राम चालवायची तर वीज हवी, आणि वीज निर्माण करायची तर तिला खात्रीचा ग्राहक हवा; म्हणून १९०५ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीच्या नावातच वीजपुरवठा आणि ट्राम एकत्र नांदत होते. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या आठच दिवस आधी, मुंबई महापालिकेने हा सारा उपक्रम ताब्यात घेतला. ३१ मार्च १९६४ रोजी ट्रामने निरोप घेतला, तरी एका छपराखालची वीज आणि वाहतूक ही जोडी मात्र कायम राहिली.

या जोडीत एक मोठे व्यावहारिक शहाणपण होते. वीज विकून शिल्लक उरते, बस चालवून तूट येते. एका हाताने मिळालेले दुसऱ्या हाताने खर्चायचे, आणि दोन्ही हात एकाच नगराचे. त्यामुळे दशकानुदशके बेस्टची बस वेळेवर, स्वच्छ आणि परवडणाऱ्या दरात धावली. तुटीचा बोभाटा झाला नाही, कारण ती भरून काढण्याची सोय घरातच होती. गिरगाव, दादर, परळ येथील ज्या कुटुंबांचे दोन पिढ्यांचे जीवन बेस्टच्या थांब्याभोवती गुंफले गेले, त्यांना या सेवेचा खर्च कोण भागवतो हा प्रश्न कधी पडलाच नाही. पडण्याचे कारणही नव्हते.

अर्थात या व्यवस्थेत एक विसंगती दडलेली होती, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. बेस्टची वीज शहर भागापुरती, कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत. बस मात्र दहिसर-मुलुंडपर्यंत, इतकेच नव्हे तर ठाणे आणि नवी मुंबईपर्यंत जाणारी. म्हणजे लालबागच्या चाळीतला वीजग्राहक बोरिवलीच्या बसप्रवाशाचा भार उचलत होता. २००३ चा वीज कायदा आल्यानंतर वीज हा नियमनाखालचा स्वतंत्र व्यवसाय ठरला. वाहतुकीची तूट वीजबिलात वेगळा आकार म्हणून दिसू लागली, आणि दिसू लागल्याबरोबर तिला विरोध सुरू झाला. नियामक आयोगापुढे सुनावण्या झाल्या. आपल्या बिलात दुसऱ्याचे तिकीट का, हा ग्राहकाचा प्रश्न चुकीचा नव्हता. हळूहळू तो मार्ग बंद झाला. आक्षेप आहे तो पुढच्या गोष्टीवर. जुना झरा आटणार हे दहा वर्षे दिसत असताना नवी विहीर कोणी खणली नाही. महापालिकेने नाही, राज्य शासनाने नाही आणि केंद्रानेही नाही.

त्यानंतर महापालिकेने बेस्टला पैसे दिले, पण कसे? सुमारे सोळाशे कोटी रुपयांचे कर्ज, दहा टक्के व्याजाने. बेस्ट हा महापालिकेचाच उपक्रम. घरच्याच मुलाला जेवायला वाढावे आणि ताटावरून उठताच त्याच्या हाती व्याजाचे बिल ठेवावे, अशातला हा प्रकार. कर्जफेडीमुळे पगार लांबू लागले, गाड्यांची खरेदी थांबली. जानेवारी २०१९ मध्ये कर्मचाऱ्यांचा नऊ दिवसांचा संप झाला. त्याच वर्षी जूनमध्ये कामगार संघटनेशी करार होऊन स्वमालकीच्या ३,३३७ बस राखण्याचे ठरले. महापालिकेने दरमहा अनुदान देण्याचे मान्य केले. आणि ९ जुलै २०१९ पासून किमान भाडे आठ रुपयांवरून पाच रुपयांवर आणले गेले.

भाडेकपातीचे स्वागत झाले. प्रवासी काही लाखांनी वाढले. यावरून दोन गोष्टी सिद्ध झाल्या. लोकांना बस नको आहे हा समज खोटा होता, ही पहिली. दुसरी गोष्ट तितकीशी सुखद नाही. पाच रुपयांच्या तिकिटामुळे वाढणारी तूट दरवर्षी कोठून भरायची, याची कायमची तजवीज न करता केलेली कपात हा शेवटी लोकानुनयच ठरतो. सहा वर्षांनी तिची किंमत चुकवावी लागली. ९ मे २०२५ पासून साध्या बसचे किमान भाडे पाचाचे दहा आणि वातानुकूलित बसचे सहाचे बारा रुपये झाले. स्वमालकीच्या ३,३३७ बसगाड्यांचे वचन तर तोवर कागदावरच राहिले होते.

मालकी गेली, जबाबदारी कोणाची?

भाडेतत्त्वाची पद्धत अशी : गाडी ठेकेदाराची, चालक त्याचा, देखभाल त्याची, बेस्टने प्रत्येक किलोमीटरमागे ठरलेली रक्कम द्यायची आणि तिकिटाचे उत्पन्न स्वतःकडे ठेवायचे. कागदावर ही रचना आकर्षक दिसते. भांडवल गुंतवावे लागत नाही, कायम नोकरीचा बोजा नाही. लंडनच्या बसही खासगी कंपन्याच चालवतात, असा दाखलाही दिला जातो. तो खरा आहे. परंतु तेथे मार्ग, वेळापत्रक, दर्जा आणि देखरेख यांवर सार्वजनिक यंत्रणेची घट्ट पकड असते आणि ठेकेदाराचे पैसे देण्याची तिची ऐपत असते. बेस्टजवळ पैशाचीच वानवा. परिणामी काही ठेकेदारांनी परवडत नाही म्हणून मुदतीआधीच हात वर केले आणि त्यांच्या गाड्या रस्त्यावरून नाहीशा झाल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी चालकांनी तुटपुंज्या वेतनाच्या प्रश्नावर काम बंद केले तेव्हा आगारेच्या आगारे ठप्प झाली. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्यात भाडेतत्त्वावरील एक विद्युत बस गर्दीत घुसली आणि निरपराध माणसांचे प्राण गेले. त्या प्रकरणातील दोष न्यायालय ठरवील; पण नव्या प्रकारच्या गाडीचे पुरेसे प्रशिक्षण चालकांना मिळते का, हा प्रश्न त्या रात्रीपासून प्रत्येक मुंबईकराच्या मनात आहे.

१५ सप्टेंबर २०२३ रोजी डिझेलवर चालणारी शेवटची दुमजली बस निवृत्त झाली. तिला हार घातले गेले, छायाचित्रे निघाली, जुन्या आठवणींना उजाळा मिळाला. मुंबईकराचे बेस्टवर प्रेम आहे यात शंका नाही. पण प्रेम करणाऱ्यांपैकी किती जण आदल्या आठवड्यात बसने गेले होते? निरोपाच्या गर्दीतील निम्मे लोक मोटारीने आले असतील, असे एका ज्येष्ठ वाहकाने म्हटले असते तर त्याच्याशी वाद घालणे अवघड गेले असते.

मोटारीचा न दिसणारा खर्च

मोटार घेणारा गृहस्थ अपराधी नव्हे. घरात वृद्ध आईवडील असतात, मुलीची शिकवणी रात्री साडेनऊला सुटते, पावसाळ्यात थांब्यावर छत नसते, बस केव्हा येईल याचा भरवसा नसतो. पंचवीस मिनिटे ताटकळल्यावर तीन बस एकापाठोपाठ येतात आणि तिन्ही भरलेल्या. असा अनुभव आठवड्यातून दोनदा आला की कोणताही सुजाण कुटुंबप्रमुख हप्त्यावर गाडी घेतो. तो निर्णय त्याच्या घरापुरता बरोबरही असतो. मुंबईत नोंदलेल्या वाहनांची संख्या चाळीस लाखांच्या पुढे गेली ती अशा लाखो घरांतील बरोबर निर्णयांची बेरीज होऊन. आणि ती बेरीज शहराच्या दृष्टीने चुकीची येते.

ती कशी, हे एका साध्या हिशेबाने समजेल. एक बसमार्ग वीस किलोमीटरचा आहे असे समजा, जाऊन-येऊन चाळीस. बसचा सरासरी वेग ताशी सोळा किलोमीटर असेल तर एक फेरी अडीच तासांत पुरी होते, आणि दर दहा मिनिटांनी बस सोडायला पंधरा गाड्या पुरतात. रस्त्यावर मोटारी वाढून वेग ताशी दहावर आला तर त्याच फेरीला चार तास लागतात. दर दहा मिनिटांची सेवा टिकवायची तर आता चोवीस गाड्या हव्यात, चोवीस चालक हवेत. प्रवासी तितकेच, तिकिटाचे उत्पन्न तितकेच, खर्च मात्र दीडपटीहून अधिक. ज्या उपक्रमाजवळ पंधराच गाड्या आहेत त्याची बस सोळा मिनिटांनी येते. मग आणखी काही प्रवासी कंटाळून मोटार किंवा दुचाकी घेतात, रस्ता आणखी तुंबतो, वेग आणखी उतरतो. ताळेबंदात याची नोंद होते ती ‘बेस्टचा तोटा’ म्हणून. तो तोटा घडवला कोणी, याची नोंद कोठेच होत नाही.

वाहतूक अभियांत्रिकीत एक बस साधारण तीन मोटारींएवढी रस्त्याची जागा घेते असे धरतात. तीन मोटारींतून चार-पाच माणसे जातात; बसमधून पन्नास. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने हेच सूत्र स्वीकारले की रस्त्याची जागा वाहनांना नव्हे तर माणसांना न्याय्य रीतीने मिळाली पाहिजे. धोरण स्वीकारून इतकी वर्षे लोटली. मुंबईचा कोणताही हमरस्ता सकाळी नऊ वाजता पाहावा. जागा कोणाला मिळाली हे डोळ्यांना दिसते.

आता सार्वजनिक पैशाकडे वळू. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाचा दक्षिणेकडील टप्पा सुमारे साडेदहा किलोमीटरचा. त्यावर जवळपास चौदा हजार कोटी रुपये खर्च झाले, ते महापालिकेच्या तिजोरीतून. मार्च २०२४ मध्ये त्याचा पहिला भाग खुला झाला. वापरणाऱ्याला पथकर नाही. मूळ आराखड्यात बससाठी राखीव मार्गिका होती; मार्ग खुला झाला तेव्हा ती कागदावरच होती. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हे काम थोर आहे, त्याचा अभिमानही रास्त. पण या रस्त्याला तोटा किती झाला असे कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. त्याच महापालिकेने २०२५-२६ च्या ७४ हजार कोटींहून मोठ्या अंदाजपत्रकात बेस्टसाठी एक हजार कोटी रुपये ठेवले, तेव्हा मात्र सगळीकडे शब्द वापरला गेला ‘मदत’. रस्त्यावर होतो तो खर्च आणि बसवर होते ती मदत! भाषेतच निकाल लागलेला असतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या वाशी, ऐरोली, दहिसर आणि मुलुंडकडील दोन अशा पाचही प्रवेशद्वारांवर हलक्या मोटारींना पथकर माफ झाला. निवडणूक तोंडावर होती. त्यानंतर सात महिन्यांनी बसचे किमान भाडे दुप्पट झाले. हे दोन निर्णय वेगवेगळ्या कार्यालयांतून निघाले आणि दोन्ही निर्णय घेणाऱ्यांनी एकमेकांचा विचार केला असेल असे वाटत नाही. पण नागरिकाच्या खिशात ते एकत्र पोहोचले. ऐरोलीहून स्वतःच्या गाडीने येणाऱ्याचा खर्च कमी झाला. विक्रोळीच्या वसाहतीतून स्वयंपाकाच्या कामाला जाणाऱ्या बाईचा वाढला. तिला दिवसातून दोन घरे, म्हणजे निदान तीन बस. ज्या समाजसंघटनेला अंत्योदयाचा विचार प्रिय आहे, तिच्या कार्यकर्त्यांनी हा हिशेब वस्तीत बसून एकदा मांडावा.

वाहनतळाचा प्रश्न याहून गमतीचा. मुंबईत शंभर चौरस फूट जागेसाठी सामान्य माणूस आयुष्यभराची कमाई ओततो. आणि रस्त्याच्या कडेला तितकीच जागा मोटारीला रात्रभर फुकट मिळते. जपानमध्ये १९६२ च्या कायद्यानंतर गाडी ठेवण्याची जागा असल्याचा दाखला दिल्याशिवाय गाडीची नोंदणी होत नाही. महाराष्ट्रातही २०२५ मध्ये परिवहन खात्याकडून असा विचार बोलून दाखवला गेला. विचाराला विरोध करणारे लगेच पुढे आले, हे सांगायला नको.

पैसा कोठून यावा

जगात ज्या शहरांची सार्वजनिक वाहतूक नावाजली जाते त्यांतील फारच थोडी शहरे केवळ तिकिटातून खर्च भागवतात. हाँगकाँगची रेल्वे भागवते, पण स्थानकांवरील जमिनीच्या विकासातून. बाकीच्यांनी कायद्याने बांधलेले उत्पन्न निर्माण केले. फ्रान्सने १९७१ मध्ये पॅरिस विभागापासून सुरुवात करून एका मर्यादेहून अधिक नोकर असलेल्या आस्थापनांवर वाहतूक कर बसवला. कामगार वेळेवर पोहोचतो याचा लाभ मालकालाही होतो, हे त्यामागचे तर्कशास्त्र. सिंगापूरने १९७५ मध्येच शहराच्या मध्यभागी मोटार आणण्यास शुल्क लावले. लंडनने १७ फेब्रुवारी २००३ रोजी पाच पौंडांचे गर्दीशुल्क सुरू केले. लंडनच्या प्रयोगातील दोन तपशील मोलाचे आहेत. शुल्क लागू होण्यापूर्वी बसगाड्या वाढवण्यात आल्या, त्यामुळे मोटार घरी ठेवणाऱ्याला दारात पर्याय मिळाला. आणि शुल्कातून येणारी निव्वळ रक्कम वाहतुकीवरच खर्च झाली पाहिजे, असे बंधन कायद्यातच घातले गेले. लोकांनी ते शुल्क आनंदाने दिले असे नाही. कुरकुर झालीच. परंतु पैसा कोठे जातो हे दिसत होते.

आपल्याकडे असे मार्ग नाहीत असे नव्हे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत घर घेताना मुद्रांक शुल्कावर एक टक्का अधिभार द्यावा लागतो, तो मेट्रो आणि पुलांसारख्या वाहतूक प्रकल्पांच्या नावाने. त्यात बससेवेचा निश्चित वाटा का नसावा? रस्त्यावरील वाहनतळाचे रीतसर शुल्क घेऊन ते त्याच परिसरातील बसफेऱ्यांसाठी राखून ठेवता येईल. नव्या वाहनाच्या नोंदणीवेळी भरला जाणारा कर राज्याकडे जातो. त्यातून महानगरांच्या परिवहन उपक्रमांना ठरावीक हिस्सा देता येईल. केंद्राने २०२४ च्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चाळीस लाखांहून अधिक लोकसंख्येच्या नऊ महानगरांतील १४,०२८ विद्युत बससाठी ४,३९१ कोटी रुपयांची तरतूद केली, हे स्वागतार्ह आहे. मात्र गाडी घेण्यास हातभार मिळणे वेगळे आणि ती पुढची बारा वर्षे रोज रस्त्यावर राहणे वेगळे. लग्नाचा खर्च आहेरातून निघतो, संसाराचा निघत नाही.

एका सोप्या मार्गापासून मात्र सावध राहिले पाहिजे. बेस्टची आगारे मोक्याच्या जागी आहेत. त्या जमिनी विकसकांना द्याव्यात आणि तूट भरावी, ही सूचना दर दोन-चार वर्षांनी डोके वर काढते. आगाराच्या वरच्या मजल्यांचा उपयोग करून कायमचे भाडे मिळवणे यात गैर काही नाही. पण तळमजल्याची जागाच आक्रसली तर रात्री बस उभ्या कोठे करायच्या, चार्जिंग कोठे करायचे, पहाटे त्या पहिल्या थांब्यावर कशा पोहोचवायच्या? शहराबाहेर फेकलेल्या आगारातून रिकाम्या गाड्या रोज वीस-पंचवीस किलोमीटर धावतील आणि तो खर्चही शेवटी तोट्यातच लिहिला जाईल. घरातले दागिने विकून किराणा भरणाऱ्याला कोणी हुशार म्हणत नाही.

आक्षेप अनेक आहेत आणि त्यांतील काहींना वजन आहे. बेस्टमध्ये अकार्यक्षमता नव्हती काय? होती. रिकामे मार्ग वर्षानुवर्षे चालू ठेवले गेले, नगरसेवकांच्या आग्रहाखातर फेऱ्या वळवल्या गेल्या, संघटनांनी हक्कांइतका विचार उत्पादकतेचा केला नाही. म्हणूनच अनुदान बिनशर्त नको. किती किलोमीटर सेवा द्यायची, किती टक्के फेऱ्या वेळेवर हव्यात, किती गाड्या नादुरुस्त चालतील याचा लेखी करार व्हावा. तो पाळला तर ठरलेली रक्कम ठरलेल्या दिवशी मिळावी, न पाळला तर कपात व्हावी. दर महिन्याला आयुक्तांच्या दालनाबाहेर ताटकळून मिळवलेल्या पैशातून कोणतीही सेवा नियोजन करू शकत नाही. अनिश्चित पैशाने अकार्यक्षमता दुरुस्त होत नाही, ती वाढते.

दुसरा आक्षेप मेट्रोचा. आता मेट्रो आली, बस कशाला? कुलाबा ते आरे ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण लांबीने सुरू झाली. तिचा खर्च सदतीस हजार कोटींहून अधिक. काम अत्यंत आवश्यक होते. पण मेट्रोचे स्थानक प्रत्येकाच्या दारात येत नाही. स्थानकापासून घरापर्यंतचे दीड-दोन किलोमीटर जोडणारी बस नसेल तर प्रवासी रिक्षाच्या रांगेत उभा राहतो किंवा सरळ दुचाकी काढतो. हजारो कोटींच्या भुयाराचे यश बाहेरच्या थांब्यावर दर आठ मिनिटांनी एक छोटी बस येते की नाही यावर टांगलेले आहे.

केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या निकषानुसार उत्तम सेवेसाठी दर लाख लोकसंख्येमागे साठ बस हव्यात. २०११ च्या जनगणनेतील सव्वा कोट मुंबईकरांना हा निकष लावला तर सुमारे साडेसात हजार गाड्या होतात. मुंबईला उपनगरी रेल्वेचा आधार आहे, म्हणून हा आकडा खाली आणला तरी २०२५ मधील ताफा त्याच्या निम्म्यालाही पोहोचत नव्हता. मुंबईहून कमी लोकसंख्येच्या बेंगळुरूत मात्र सहा हजारांहून अधिक बस धावतात. शिवाय देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक तेल आयात होते. स्वदेशी आणि स्वावलंबनाच्या गोष्टी करताना सिग्नलवर एकट्या माणसाला घेऊन धुमसत उभ्या असलेल्या मोटारीचा विचार सहसा कोणी करत नाही.

राहिला प्रश्न, हे घडवायचे कोणी? ७ मार्च २०२२ रोजी मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि तिच्याबरोबर बेस्ट समितीही गेली. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत जवळजवळ चार वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती होता. भाडे दुप्पट झाले, मार्ग बंद झाले, गाड्या घटल्या. आणि त्या काळात प्रवाशाने जाब विचारावा असा निवडून आलेला एकही माणूस नव्हता. निवडून आलेल्या सभागृहापुढे आता बेस्टच्या तुटीचा प्रश्न टाळता येणार नाही, परंतु तो मतदारांनी विचारला तरच. गेल्या प्रचारात रस्त्यांवरील खड्ड्यांविषयी प्रत्येक उमेदवार बोलला. बसथांब्याविषयी बोलणारे मोजकेच होते, कारण गृहनिर्माण संस्थांच्या बैठकांत तो विषयच निघत नाही. तेथे निघतो तो विषय दुसऱ्या मोटारीला जागा कशी मिळेल याचा.

बेस्टचे अंदाजपत्रक दरवर्षी ऑक्टोबरमध्ये मांडले जाते आणि नंतर महापालिकेपुढे येते. त्यात तीन आकडे पाहायचे असतात : वर्षअखेर स्वमालकीच्या किती गाड्या असतील, रोज किती किलोमीटर सेवा दिली जाईल आणि तुटीपैकी किती रक्कम कोणत्या शीर्षाखाली, कोणत्या तारखेला मिळेल. हे तीन आकडे आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला तोंडी विचारावेत, आणि उत्तर लेखी मागावे. ज्या वस्तीत शाखा, मंडळ किंवा ज्येष्ठ नागरिक संघ आहे, तेथे एका थांब्यावर आठवडाभर सकाळी आठ ते दहा उभे राहून कोणती बस किती वाजता आली याची वहीत नोंद ठेवणे चार-पाच स्वयंसेवकांना सहज जमण्यासारखे आहे. ऑक्टोबरपूर्वी अशा शंभर वह्या समितीच्या टेबलावर पोहोचल्या तर अंदाजपत्रकावरील चर्चा कशी होते, हे पाहता येईल.